धुकं म्हणजे नेमकं काय

३ सप्टेंबर

आजपासून लिहायचं ठरवलंय. बोलायला गेलो तर तोंडून शिव्याच बाहेर पडतील, त्यापेक्षा हे बरं. या वहीच्या रेघा इतक्या फिकट आहेत की मी रेघेवर लिहितोय की दोन रेघांच्या मध्ये, काही कळत नाही. हल्ली कागदसुद्धा धड बनवत नाहीत.

सकाळी दुकान उघडतोय तोच नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन आला. वर ठसठशीत मथळा: जुगार प्रतिबंध. मला वाटलं, शेजारच्या सलूनवाल्याची असेल, त्याच्या मागच्या खोलीत पत्ते चालतात. पण नाव आमच्या युवक क्लबचं, आणि खाली चिटणीस म्हणून माझं.

तर आमची धुक्याची पैज म्हणजे जुगार आहे म्हणे. दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी आम्ही तिकिटं विकतो. तिकिटावर एकच गोष्ट लिहायची: यंदाचं पहिलं दाट धुकं कोणत्या तारखेला पडेल. सकाळी आठ वाजता क्लबच्या ओट्यावरून नदीपलीकडच्या बंद कागद गिरणीचं धुराडं दिसलं नाही, की धुकं पडलं. ज्याची तारीख सगळ्यात जवळची, त्याला निम्मी रक्कम. निम्मी क्लबला. पंच मी. म्हणून मी स्वतः कधी तिकीट घेतलेलं नाही. आता यात जुगार कुठे आला?

मला पोरं फारशी आवडत नाहीत, हे इथे लिहायला हरकत नाही. माझं खिळे, स्क्रू, कुलपं आणि रंगांचं दुकान. गावातली यच्चयावत पोरं माझ्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसायची, गिऱ्हाइकाला आत यायला वाट नसायची. पायऱ्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून मी नदीकाठचा तो हॉल भाड्यानं मिळवून दिला. आता तिथे माझी भाची पोरींना बॉक्सिंग शिकवते, टेबल टेनिस चालतं, आणि ड्रम वाजवणारी चार जणं आहेत, त्यांचा आवाज पुलापर्यंत जातो. हे सगळं चालतं ते या एका पैजेवर. हॉलच्या मालकाने सांगून ठेवलंय, नव्या वर्षाचं भाडं आगाऊ नाही आलं तर तो तिथे टायर भरणार.

६ सप्टेंबर

नगरपालिकेच्या कायदा विभागात गेलो होतो. तळघरात एक खोली, तीन कपाटं, एक पंखा आणि एक बाई. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा?"

"म्हणजे?"

"कौशल्याचा असेल तर जुगार होत नाही. बुद्धिबळ चालतं, नेमबाजी चालते."

"मग कौशल्याचा."

"गेल्या वर्षी जिंकलं त्यांचं कौशल्य काय होतं?"

गेल्या वर्षी बेकरीवाल्या बाई जिंकल्या. त्यांनी नातवाच्या वाढदिवसाची तारीख घातली होती. ते मी सांगून टाकलं.

"मग नशिबाचा," बाईंनी लिहून घेतलं. "नशिबाचा असेल तर धर्मादाय सोडत म्हणून परवानगी मिळते. फक्त सोडतीची तारीख आधी जाहीर करावी लागते."

"अहो, तारीख आधी माहीत असती तर तिकिटं कुणी घेतली असती?"

"तो माझा विषय नाही."

शेवटी त्यांच्याच तोंडून कळलं की यातून वाट एकच: नगरपालिकेच्या सभेने नियमात एक नवं पोटकलम घालायचं, 'धर्मादाय हेतूने घेतलेला हवामानाचा अंदाज' अशा नावाचं. त्यासाठी अर्ज, त्यासाठी नगरसेवकाची शिफारस, आणि त्याआधी व्याख्या.

"कशाची व्याख्या?"

"धुक्याची. धुकं म्हणजे काय?"

"बाई, धुकं म्हणजे धुकं."

त्यांनी तेही लिहून घेतलं. अर्ज वाचून दाखवू का म्हणून विचारत होत्या. मी नको म्हटलं. आधी मुंगीएवढी अक्षरं छापायची आणि मग दया दाखवायची, ही यांची रीत.

७ सप्टेंबर

हिला हल्ली सकाळचा पेपर मोठ्यानं वाचायची सवय लागली आहे. आयुष्यभर वाचनालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून काढलं आणि आता घरात बातम्या वाचते, बाजारभावासकट. मी म्हटलं, "अगं, मला वाचता येतं." तर म्हणाली, "माहीत आहे हो," आणि पुढचं पान वाचायला लागली.

दुकानात भाचीने सगळ्या खणांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. हाताच्या पंजाएवढं एकेक अक्षर. बालवाडीत आल्यासारखं वाटतं.

११ सप्टेंबर

कळलं. नोटीस कुणामुळे आली ते कळलं. इन्स्पेक्टर.

हे गृहस्थ शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले, पण तपासणी काही थांबलेली नाही. गावात सगळे त्यांना इन्स्पेक्टरच म्हणतात. क्लबच्या कमिटीत ते कसे आले हे कुणालाच आठवत नाही. खुर्च्यांच्या रांगेला त्यांची हरकत, चहाच्या वेळेला हरकत, ड्रमला तर आहेच. गेल्या हिवाळ्यानंतर यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं, ते कायदावाल्या बाईंच्या टेबलावर गेलं, आणि बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं.

मी बैठकीत सरळ विचारलं, "पैज बंद पाडून तुम्हाला काय मिळणार?"

"बंद करा असं मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "धुकं पडलं हे कोण ठरवतं आणि कसं, याला काही नियम असावा, एवढंच लिहिलं."

"मी ठरवतो. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून ठरवतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत बसले. भाची उगाचच उठून खिडकी लावायला गेली. उत्तर नसलं की माणसं अशी काहीतरी कामं काढतात.

मला तर वाटतं, गेल्या वर्षी यांची तारीख थोडक्यात हुकली असणार. हरलेल्या माणसाला नियम आठवतात.

१९ सप्टेंबर

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक दातांचे डॉक्टर आहेत. नगरसेवक म्हणून ते कधीच सापडत नाहीत, डॉक्टर म्हणून मात्र रोज संध्याकाळी बसतात. त्यामुळे दाढ दुखत नसताना नंबर लावावा लागला.

खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला आणि मग राजकारण सांगायला सुरुवात केली. "पोटकलम मी मांडतो. पण विरोधी गटाचं म्हणणं, आज धुकं, उद्या लोक गारांवर पैसे लावतील."

मी "लावू देत की" म्हणालो. ते "आऊ ए ई" असं ऐकू गेलं.

"बरोबर. म्हणून त्यांची अट आहे की समितीला आधी प्रात्यक्षिक दाखवा. पाच जण सकाळी क्लबवर येतील, तुम्ही निर्णय कसा देता ते बघतील. चालेल ना?"

मी म्हणत होतो की धुकं काय माझ्या खिशात आहे का, हवं तेव्हा काढून दाखवायला. त्यांनी मान डोलावली. "छान. मग ऑक्टोबरचा तिसरा आठवडा पक्का."

अशा रीतीने मी प्रात्यक्षिकाला संमती दिली. शिवाय त्यांना माझ्या दाढेत एक भोक सापडलं आणि ते बुजवून मी घरी आलो. अर्धा जबडा बधिर, हिला काही सांगताही येईना.

४ ऑक्टोबर

व्याख्येसाठी उपसमिती: मी, भाची, आणि कुणी न बोलावता इन्स्पेक्टर.

दुपारभर बसलो. 'दाट' म्हणजे किती दाट? 'दिसत नाही' म्हणजे अजिबात दिसत नाही की ओळखू येत नाही? धुराड्याचं टोक दिसलं आणि बूड नाही दिसलं तर? बूड दिसलं आणि टोक नाही दिसलं तर? पलीकडे ड्रमवाले वाजवत होते. मला एकदा वाटलं, टायरच भरू द्यावेत.

शेवटी ठरलं: 'सकाळी आठच्या ठोक्याला ओट्यावरून धुराड्याचा कोणताही भाग साध्या नजरेला न दिसणे.' इथवर ठीक होतं. मग इन्स्पेक्टर म्हणाले, "कुणाच्या साध्या नजरेला?"

"पंचाच्या."

"पंच तीन असावेत. क्लबमधलेच, तरुण. दर वर्षी बदलावेत."

"तीन पंच म्हणजे तीन मतं आणि तीन भांडणं."

"मामा," भाची म्हणाली, "मला वाटतं त्यांचं..."

"तुला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही," असं मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. तिने पेन खाली ठेवलं. घरी येताना वाईट वाटलं. पण मी इतकी वर्षं पहाटे उठून त्या थंड ओट्यावर उभा राहतो, तेव्हा कुणी तरुण तिथे फिरकलेला मला आठवत नाही.

१० ऑक्टोबर

एक बाई रंग परत घेऊन आल्या. पडद्याचा तुकडा दाखवून अगदी तस्साच निळा हवा होता, मी स्वतः बनवून दिला होता. म्हणाल्या, भिंत हिरवट झाली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, मला तर तसूभर फरक दिसला नाही. या महिन्यात असं परत आलेलं हे चौथं गिऱ्हाईक. कंपनी रंगात काय कालवते कोण जाणे, कडक पत्र लिहायला हवं. भाचीने डबा आत नेला आणि थोड्या वेळाने आणून दिला, तर बाई खूश होऊन गेल्या. काही केलं नसणार तिने, नुसतं ढवळलं असेल. गिऱ्हाइकाचं समाधान महत्त्वाचं.

दुकानातली ट्यूबलाइट परत बदलली. नवी पण तसलीच निघाली.

२१ ऑक्टोबर

प्रात्यक्षिक झालं. आणि नशीब काय सांगावं, आज नेमकं धुकं.

समितीचे पाचही जण आले. कायदावाल्या बाई फाइल घेऊन, डॉक्टर कोट घालून, विरोधी गटाच्या नगरसेविका हाताची घडी घालून. मी ओट्यावर उभा राहिलो, गिरणीच्या दिशेने पाहिलं. नदीपलीकडे नुसता पांढरा पडदा, काही म्हणजे काही नाही. आठचा ठोका पडला आणि मी खणखणीत आवाजात जाहीर केलं: "धुराडं दिसत नाही. धुकं पडलं आहे."

इतकी शांतता मी त्या ओट्यावर कधी अनुभवली नाही. विरोधी गटाच्या बाई, ज्या सभेत इतरांना बोलू देत नाहीत, त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला अजिबात दिसत नाहीये?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "नियम तो नियम. टोकसुद्धा दिसता कामा नये."

त्यांनी मान खाली घातली. इन्स्पेक्टर एरवी एका वाक्याला दोन हरकती घेतात, आज एकही घेतली नाही. नुसतं म्हणाले, "गारठा आहे, चला आत." पायऱ्या उतरताना भाचीने माझा दंड धरला होता. लहानपणी धरायची तसा. त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचा राग गेला असावा.

काम फत्ते झालं असं मला वाटतं.

२३ ऑक्टोबर

दोन दिवस सगळे माझ्याशी विचित्र गोड वागत होते. बेकरीवाल्या बाईंनी न मागता गरम पाव पाठवले. सलूनवाल्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. ड्रमवाल्यांपैकी एकाने मला रस्ता ओलांडून दिला. मी त्याला विचारलं, "काय रे, मी म्हातारा दिसतो का?" तर पळून गेला.

आज दुपारी दुकानात कुणी नसताना इन्स्पेक्टर आले. टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"एक सांगायचं होतं. कुणीतरी सांगायला हवं, आणि बाकीच्यांना तुम्ही आवडता, म्हणून मी आलो."

"बोला."

"परवा धुकं नव्हतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"लख्ख ऊन होतं. धुराडं समोर उभं होतं. त्याच्यावर बसलेले पक्षी दिसत होते. गेल्या हिवाळ्यातही तुम्ही जाहीर केलंत त्या दिवशी दिसत होतं. धुकं दुसऱ्या दिवशी पडलं. सगळ्यात जवळची तारीख तरीही बेकरीवाल्या बाईंचीच होती, मी सगळी तिकिटं तपासली, म्हणून तेव्हा बोललो नाही. मी स्वतः कधी तिकीट घेत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना दुकानातून बाहेर व्हा म्हणालो. ते टोपी घालून गेले. जाताना दार हळू लावलं, त्याचाही राग आला.

घरी आलो. ही खिडकीपाशी वाचत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "परवा धुराडं दिसत होतं?"

तिने पुस्तक मिटलं. "हो."

"तू तर तिथे नव्हतीस."

"आपल्या गच्चीवरून दिसतं. मी कपडे वाळत घालत होते. सगळे कपडे वाळले त्या दिवशी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं. उन्हाळ्यात सांगितलं, डोळे दाखवा. तुम्ही बल्बला शिव्या दिल्यात. परत सांगितलं, तुम्ही पेपरवाल्याला दिल्यात. मग मी वाचून दाखवायला लागले."

मला जेवण गेलं नाही. हिच्यावर चिडू, भाचीवर चिडू की त्या पाच जणांवर, हेच कळेना. घरात, दुकानात, क्लबमध्ये, प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्या गावाने मिळून माझ्याकडे कानाडोळा केला आणि मी तिथे खणखणीत आवाजात...

नको. पुरे आजच्यापुरतं.

२८ ऑक्टोबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा पिकलाय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, म्हणाल्या, "काका, इतके दिवस कसं चालवलंत?" मी म्हटलं, भाची चालवत होती, मला माहीत नव्हतं.

भाचीच घेऊन गेली होती. परतताना मी विचारलं, "रंग तू परत बनवत होतीस?"

"हो मामा."

"सगळे?"

"निळे आणि पांढरे. लाल तुम्ही छान बनवता."

कंपनीला पाठवलेल्या कडक पत्राचं आता काय करायचं, हा वेगळाच प्रश्न आहे.

२ नोव्हेंबर

सहा तारखेला सभेत मतदान. दातांचे डॉक्टर आपणहून दुकानात आले. हे प्रथमच. म्हणाले, समितीच्या अहवालात एवढंच लिहिलंय की 'प्रात्यक्षिक पार पडले'. कुणीही तुमच्याबद्दल काही बोलणार नाही, सगळ्यांचं ठरलंय. विरोधी गटाचंसुद्धा. "तुम्ही फक्त गप्प बसा. प्रश्न आला तर मी बघतो."

म्हणजे सगळ्या सभेने मला सांभाळून घ्यायचं ठरवलंय. पोर पडलं की आई आधी इकडेतिकडे बघते, कुणी पाहिलं का म्हणून, तसं. शंभर जणांनी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, पहिल्यांदा मला हायसंच वाटलं होतं. अर्धा तासभर तरी.

हॉलच्या मालकाने पडवीत टायरची पहिली रास आणून ठेवली आहे. 'फक्त जागा मापून बघतोय' म्हणे.

६ नोव्हेंबर

सभागृहात मागच्या बाकावर बसलो. आधी पंख्यांचा ठेका, नाल्यांचा ठेका, मग आमचं पोटकलम. कायदावाल्या बाईंनी वाचून दाखवलं. इन्स्पेक्टरांची तीन पंचांची सूचना खाली 'ऐच्छिक' म्हणून जोडलेली होती. ऐच्छिक कुणाच्या इच्छेने, तर चिटणीसाच्या. म्हणजे माझ्या.

एक नवीन नगरसेवक उठला. हा प्रात्यक्षिकाला आलेला नव्हता. त्याने साधा प्रश्न विचारला, "एकच माणूस निर्णय देणार असेल तर त्याला कुणी फितवलं तर?"

डॉक्टर घाईघाईने उभे राहिले. "चिटणीस अत्यंत प्रामाणिक..."

मी उभा राहिलो. ठरवून नव्हे. गुडघ्यांनीच ठरवलं असावं.

"फितवायची गरज नाही," मी म्हटलं. "समिती आली होती त्या सकाळी मी धुकं पडलं म्हणून सांगितलं. धुकं नव्हतं. मला मोतीबिंदू आहे. मी प्रामाणिक आहे, पण धुराडं दिसायला प्रामाणिकपणा पुरत नाही. ते तीन पंच ऐच्छिक ठेवू नका, सक्तीचे करा. आणि तरुण असावेत. हे मी त्यांच्यावरच्या प्रेमाने सांगत नाही, त्यांना दिसतं म्हणून सांगतो."

मागे कुणीतरी हसलं. मग विरोधी गटाच्या बाई उठल्या. मला वाटलं, संपलं सगळं. त्या म्हणाल्या, "हरकतीचा मुद्दा मीच मांडणार होते. आता उरला नाही."

पोटकलम मंजूर झालं. अर्थात त्यांनी आपली दुरुस्ती घुसवलीच: प्रत्येक तिकिटावर छापायचं की 'हा धर्मादाय अंदाज असून जुगार नव्हे, तसेच धुके पडण्याची कोणतीही हमी नगरपालिका देत नाही.' या वाक्याने तिकीट इतकं भरलं आहे की तारीख लिहायला मागची बाजू वापरावी लागणार.

बाहेर इन्स्पेक्टर उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन थांबलो.

"दुकानातून हाकललं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"हो. आणि मी एक कुलूप घ्यायला आलो होतो, ते राहिलं."

मग दुकानापर्यंत बरोबर चालत आलो. कुलपाच्या किमतीवर त्यांनी हरकत घेतली.

१८ नोव्हेंबर

डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. निळा रंग इतका निळा असतो हे मी साफ विसरलो होतो. आमचं पुढचं दार मी वसंतात पांढरं रंगवलं होतं. ते साईच्या रंगाचं आहे. ही म्हणाली, "असू दे, मला आवडतं." आवडत नाही तिला. चेहरा दिसला की आता.

२५ नोव्हेंबर

तिकीटविक्री जोरात आहे, पण मी आज क्लबमध्ये गेलो आणि माझं डोकंच फिरलं. स्वतःवर.

कोपऱ्यात जिथे पोरी बॉक्सिंग करतात, तिथली जमीन फाटली आहे. फळ्यांच्या ढलप्या निघाल्यात, मधे मधे नुसती चिकटपट्टी लावली आहे. भिंतीवर ओल चढली आहे. भाचीने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, मी येऊन पाहिलं होतं आणि म्हणालो होतो, चांगली आहे की जमीन, उगाच खर्च नको. त्या जमिनीवर या पोरी अनवाणी पाय आपटत होत्या. एकीने टाच दाखवली, पट्टी बांधलेली. तक्रार म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून.

मी दुकानात परत गेलो, खिळे, पटाशी, रंधा घेतला आणि येऊन जमिनीवर बसलो. ड्रमवाले आले. म्हटलं, बघत काय राहिलात, पलीकडून फळी धरा. धरली. सरळ धरता येत नाही त्यांना, चार वेळा सांगावं लागतं, आणि मधेच खिळ्यांच्या डब्यावर ताल धरतात. जीव नकोसा केला. उद्या परत बोलावलंय.

३ डिसेंबर

पंच ठरले: बॉक्सिंगवाली एक पोरगी, तिला क्लबमध्ये सगळे वादळ म्हणतात, टेबल टेनिसमधला एक जाड चष्म्याचा, पण चष्म्यासकट त्याची नजर तपासून घेतली आहे, आणि एक ड्रमवाला. रोज सकाळी पावणेआठला ओट्यावर हजर. मी रोज मागे उभा राहतो. पंचांच्या पुढे जायचं नाही म्हणून भाचीने दोरी बांधली आहे, ती खास माझ्यासाठी आहे हे मला समजतं.

आज धुरकट होतं. एक म्हणाला दिसत नाही, दुसरा म्हणाला दिसत नाही. वादळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "टोक आहे." मलाही टोक दिसत होतं. ओठांवर आलं होतं. इन्स्पेक्टरांनी माझ्या कोटाची बाही धरली.

तिघांचं एकमत लागतं, म्हणून धुकं पडलेलं नाही, असा निर्णय झाला. दोघा जणांनी तिला वेडं ठरवलं, ती ऐकेना. मला घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

९ डिसेंबर

आज उजवा डोळा झाला. दवाखाना गावाबाहेर टेकडीवर, त्यामुळे पहाटेच निघावं लागलं. हिला वाचनालयाची तपासणी होती, भाचीला ओटा सोडून चालणार नव्हतं, म्हणून बरोबर इन्स्पेक्टर. गाडीत अर्धा वेळ डोळे मिटून बसलो होतो. वाटेभर त्यांनी ड्रायव्हरच्या वळणांना हरकती घेतल्या.

माझा नंबर सकाळी पहिलाच होता. टोपी, गाऊन घालून खाटेवर बसवलं. समोर मोठी खिडकी. खिडकीतून ऊन थेट पायांवर. आकाश असं निळं की नव्या डोळ्याला सहन होईना. मी इन्स्पेक्टरांना म्हटलं, "आज काही नाही."

"आज कसलं," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाची. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. आधी नुसता गोंधळ, तिघं एकमेकांवर ओरडत होते. "टोक बघ, टोक!" "कुठंय टोक?" "अरे तो खांब आहे!" मग ठोके ऐकू आले आणि सगळे गप्प. मग वादळचा आवाज, जरा कापरा: "नाही दिसत. मला काहीच दिसत नाही." दुसरा म्हणाला, मला पण नाही. तिसरा म्हणाला, नाही. आणि मग इतका आरडाओरडा झाला की इन्स्पेक्टरांनी फोन लांब धरला.

परिचारिका धावत आली. "काय झालं हो?"

"धुकं पडलं," मी म्हटलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे, जरा काळजीने. "काका, बाहेर तर लख्ख ऊन आहे. नीट बघा बरं."

मी नीट पाहिलं. खरंच लख्ख होतं. खालचं गाव झाडांच्या आड होतं, आणि मला कुठेही धुक्याचा मागमूस दिसत नव्हता.

"ऊन आहे," मी म्हटलं. "पण धुकं पडलंय. लिहून घ्या हवं तर."

तिने इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "आठ वाजून एक मिनिट. पोरांनी वेळेत सांगितलं."

मग तिने माझ्या डोळ्यात थेंब घातले आणि आम्ही आत गेलो.